नळीतलं पाणी

शीतलच्या पत्राला पुंडलिककाकांनी उत्तर दिलं नव्हतं. मित्राची ही लेक साखळी गावात भाड्याच्या घरात राहायची. नवरा बोटीवर नोकरीला, तिला सहावा महिना, आणि चोपड्याला नदीकाठी एक घर विकत मिळत होतं. 'तुम्ही घर बघून लेखी कळवा. तुम्ही नको म्हटलंत तर नाही घेणार,' असं तिने लिहिलं होतं. घर बघून झालं होतं. लिहिणंच होत नव्हतं.

तपासणी नेहमीसारखीच सुरू झाली होती. बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्यावर काका असल्या तपासण्या करून देत. भर दुपार होती. ओहोटीच्या चिखलाचा वास घरभर होता. काकांनी नाण्याने ठोकून गिलावा पाहिला, वाशांत वाळवी शोधली, मोरीत बादलीभर पाणी ओतलं. सगळं ठीक. नदी एवढी जवळ असून भिंतींना ओलसुद्धा नव्हती.

"काका, हांगा ह्या घरात किती बरं वाटतं ना?" शीतल स्वयंपाकघराच्या दारात पोटावर हात ठेवून उभी होती.

जमिनीची पातळी पाहायला त्यांनी लेझर लावला. चारी भिंतींवर लाल रेघ उमटली. पण स्वतःवर भरवसा नसल्यामुळे काका सगळंच दोनदा तपासत. त्यांनी पाण्याची पारदर्शक नळी काढली आणि एक टोक घर दाखवायला आलेल्या परेशच्या हातात दिलं.

"लेझर आसा मगे? मग ही आजोबांची नळी कित्याक?"

"पाणी चुकत नाही रे," काका ओशाळून म्हणाले. "मी चुकतो."

परेश शीतलच्या शेजारी जाऊन उभा राहिला. दोन्ही टोकांचं पाणी लाल रेघेवर यायला हवं होतं. काकांच्या टोकाला ते रेघेखाली होतं.

"माझ्याकडे दोन बोटं वर," परेश म्हणाला.

नळीत बुडबुडा असेल. काकांनी ती रिकामी करून पुन्हा भरली. लेझर फिरवून पाहिला.

तेच.

"काका, दमलात. बसा बघू." शीतल त्यांच्याकडे चालत आली.

"अरे, गेलं खाली!" परेश ओरडला.

काकांनी हातातल्या टोकाकडे पाहिलं. पाणी हळूहळू वर चढत होतं. शीतल शेजारी येऊन थांबली, तेव्हा पाणीही थांबलं. मग ती खिडकीशी गेली, आणि ते उतरू लागलं.

परेश हसला नाही. काकांनी नळी गुंडाळली.

त्यानंतर पेडण्याच्या घरी त्यांनी कितीतरी कागद फाडले. पाया चांगला, भिंती कोरड्या, छप्पर मजबूत. मग नको का म्हणायचं? म्हातारा भ्रमला म्हणतील. पण न लिहिता तिचं बरंवाईट झालं तर? शेवटी एकच ओळ ठेवली: 'ते घर घेऊ नकोस. कारण मला सांगता येत नाही.'

पेडण्याच्या टपालपेटीशी ते पोचले, तोच फोन वाजला.

"काका, तुमचं उत्तर येईना, तेव्हाच मी समजले. परेशला नको म्हणून सांगितलं. आता झोपा सुखाने!"

काकांना खूप हलकं वाटलं.

"पण एकदा साखळीला या हां. ह्या घराची जमीनपण वाकडी जाल्या वाटतं." शीतल हसत होती. "बालदी भरायला घेतली की पाणी सारखं माझ्याच बाजूने सांडता."

म्हणजे खोट त्या घरात नव्हतीच. पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं गेलं होतं. दुसरं काय लिहावं ते त्यांना सुचेना, तेव्हा त्यांनी ते आत सोडलं.