मागच्या खोलीतले स्पीकर

बाबांचं थिएटर विकलं गेलं तेव्हा बहीणभावांनी फक्त दोन स्पीकर मागून घेतले. खांद्याइतके उंच, जाड लाकडी खोक्यांचे. बाबांनी ते हयातभर पोटच्या पोरांसारखे जपले होते. खेळ सुरू होण्याआधी त्यांतूनच बाबांचा आवाज यायचा, "चला, बसून घ्या बरं मंडळी." बाबा गेले, आणि मागे ही दोन धुडं उरली.

भावाच्या घरी जुळ्या पोरींनी पाय ठेवायला जागा ठेवली नव्हती, म्हणून स्पीकर ताईच्या मागच्या खोलीत आले. ताईची सगळी नोकरी रेडिओवर ध्वनिमुद्रणात गेलेली. अशा वस्तू नुसत्या झाकून ठेवल्या की मातीमोल होतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ओल धरणाऱ्या भिंतीपासून लांब, फळ्यांवर तिने ते उभे केले. आत घाम धरू नये म्हणून प्लास्टिकऐवजी धुतलेल्या सुती चादरी काढल्या.

"आणि ही तार कशाला?" भावाने विचारलं. ताई स्पीकरमागची दोन टोकं तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडत होती.

"आतला कागदी पडदा उगाच हलू नये म्हणून. लगाम समज. स्पीकर नुसता बोलत नाही, ऐकतोसुद्धा; आवाजाने पडदा हलला की तारेत जराशी वीज उठते. बघायचंय?" तिने तार सोडून काट्याचं मीटर लावलं. "बोल काहीतरी."

"काय बोलू, डोंबल?"

काटा टुणकन उडाला. भाऊ खो खो हसला. मग त्याने स्पीकरच्या लाकडावर हात ठेवला.

"ताई, बाबा एवढी वर्षं यातून बोलले, ते—"

"त्यात काही साठत नाही. उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

तिने तार पुन्हा जोडली, चादरी पांघरल्या आणि दाराला कडी घातली.

वर्ष उलटलं. कागदी पडदा स्वतःच्याच वजनाने लोंबू नये म्हणून अधूनमधून आतला गोल भाग काढून, वरची बाजू खाली येईल असा फिरवून बसवावा लागतो. एका दुपारी ताई हत्यारं घेऊन त्या कामाला गेली. खोली कोरडी होती. कसर नाही, बुरशी नाही. तिला बरं वाटलं.

डावीकडच्या स्पीकरच्या तारेला हात लावला आणि तिने तो झटकन मागे घेतला.

तार गरम होती.

खोलीत ऊन येत नव्हतं. खोलीची वीज तोडलेली. उजवीकडची तार गारठून गेलेली. ताईने मनात हिशेब मांडला. तार अशी तापायची तर पडदा कितीतरी वेळ जोरात हलायला हवा. म्हणजे समोर उभं राहून कुणीतरी घसा फोडून ओरडायला हवं.

तिने भावाला बोलावून घेतलं. तो आला तसा चपलाही न काढता आत शिरला. ताईने तार सोडून मीटर लावलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

काटा हलत होता. थांबत होता. पुन्हा हलत होता.

"बाहेरची गाडी असेल," भाऊ पुटपुटला.

ताईने तेच मीटर उजवीकडे लावून पाहिलं. तिथे काटा मेल्यासारखा पडून होता. तिने ते परत डावीकडे आणलं.

"ताई, विचार ना."

"वेडा आहेस का?"

"विचार. मी नाही विचारू शकत."

 चादर बाजूला सारून ताई जाळीकडे वाकली.

"बाबा?"

तिच्या आवाजाने काटा दोनदा उठला, एकेका 'बा'ला एकदा, आणि खाली बसला.

दोघं श्वास रोखून उभी राहिली. खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

काटा उठला. दोनदा.

"ओ दिली," भावाचे डोळे भरून आले. "ताई, बाबांनी ओ दिली!"

ताईची नजर काट्यावरून हलली नाही. सारी नोकरी तिने असे काटे बघण्यात घालवली होती. दुसऱ्यांदा उठलेला काटा वर चढता चढता जरा रेंगाळला होता, प्रश्न विचारताना आवाज रेंगाळतो तसा. ती ओ नव्हती. पलीकडून कुणीतरी तीच हाक मारत होतं. बाबा?

तिने भावाचा दंड घट्ट धरला.

काटा पुन्हा दोनदा उठला. या खेपेला जरा जास्त, कुणी जवळ येऊन हाक मारावी तसा.