गाठ असलेला कागद

ताहेराच्या पत्राला मी पाच महिने उत्तर दिलं नव्हतं. मंचरहून, मामूच्या घरून तिनं लिहिलं होतं, "पुढं मलाही अब्बांसारखं झालं, तरी मागणी घालाल? ईदनंतर मामू दुसरीकडं बोलणी करणार आहेत."

आणि ईद आता चार दिवसांवर आली होती!

१९११ साली मी जुन्नरच्या दवाखान्यात कंपौंडर होतो. एका सकाळी ती वडिलांचा हात धरून आली. पीरमहंमद कागदी, हातकागदाचे नामी कारागीर... पण पन्नाशीतच लेकीचं नाव विसरू लागले होते.

"विसरण्यावर औषध हाय का?" ताहेरानं विचारलं.

"वाचून सांगतो," मी पुटपुटलो.

"आदी बाटलीवरली चिठ्ठी वाचा, अन्सारमियाँ. उलटी डकवलीया!"

ती हसली. माझे कान तापले.

डॉक्टरांच्या मासिकात सापडलं ते सांगायला मी पीरमहंमदचाचांच्या कारखान्यात गेलो. जर्मनीत अशाच एका बाईच्या मेंदूचे काप चांदीच्या क्षारानं रंगवून पाहिले होते. पेशींत धाग्यांचे गुंते, मध्येमध्ये कसलंसं द्रव्य साठून झालेले गोळे...

कागदाच्या लगद्याचा हौद ढवळता ढवळता ताहेरानं विचारलं, "लगद्यात गाठी पडत्यात, तसं?"

"अगदी तसंच."

"मग मोडायच्या की!"

"त्या... अजून कुणाला मोडता येत नाहीत."

तिचा हात थांबला.

शेजारी पीरमहंमदचाचा वाळलेला ताव उजेडाला धरून पाहत होते. मध्यभागी गाठ होती. असा ताव पुन्हा हौदात टाकायची त्यांची रीत. त्या दिवशी मात्र त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"गाठ हाय. पर शाई धरंल," ते म्हणाले. मग माझ्याकडे निरखून पाहत, "तुमी कोण, पावणं?"

पुढे ती अब्बांना घेऊन मंचरला गेली, आणि ते पत्र आलं. मला वाटलं, ती आजाराचं विचारते आहे. बापाचं लेकीत उतरतं का? मी पुस्तकं मागवत राहिलो. उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

आज एका पुस्तकातून घडी घालून ठेवलेला तो ताव खाली पडला... आणि मला उमगलं, तिनं आजाराचं नव्हे, माझं विचारलं होतं.

मी त्याच तावावर लिहिलं, "मागणी घालतो. माझं नाव विसरलात, तर रोज नव्यानं सांगेन. रोज लाजेनही — तेवढं सांभाळून घ्या."

गाठीवर टाक अडखळला, शाई किंचित पसरली, पण अक्षर उमटलं.

पुन्हा वाचलं असतं तर फाडलं असतं. म्हणून तसाच धावत गेलो आणि पत्र पेटीत टाकलं.