आजोबांचा लेंगा आणि तेवीस नंबरचा वाफा

साठ दिवस जमिनीत पुरून ठेवलेला आजोबांचा लेंगा बाहेर निघाला, तो अगदी धडधाकट. मळला होता खरा, पण तसा तो पुरण्यापूर्वीही होता.

शाल्मलीचा चेहरा पडला.

साल २०६१. पॅरिसजवळ जीव आणि पर्यावरण विज्ञानाची एक मोठी संस्था होती. तिथे तिचे आजोबा, डॉ. वामन टिळेकर, माती शिकवत. माती शिकवावी लागते, हे ऐकून सांगलीचे नातेवाईक अजून हसत. संस्थेत एक जुना रिवाज होता. वसंतात प्रत्येकाने आपल्या वाफ्यात एक पांढरी सुती चड्डी पुरायची आणि साठ दिवसांनी उकरायची. मोठमोठे प्राध्यापक गंभीर चेहऱ्याने चड्ड्या पुरत. कापडाच्या चिंध्या झाल्या, तर माती जिवंत. अख्खं निघालं, तर मेलेली.

तेवीस नंबरचा वाफा शाल्मलीचा होता; त्यासाठी आजोबांनी मात्र चड्डीऐवजी लेंगा दिला होता. "इतक्या खालच्या थराला मी जाणार नाही," असं त्यांचं म्हणणं.

तपासणीला आला होता गास्तों, संस्थेचा यंत्रमानव. तो मराठी शिकला होता जुनी सरकारी परिपत्रकं वाचून.

"सदर वस्त्र अखंड आढळले," गास्तों म्हणाला. "सबब वाफा क्रमांक तेवीस मृत समजण्यात येत आहे. उद्या येथे फरशी बसवून यंत्रमानवांसाठी विश्रांतिस्थान उभारण्यात येईल."

"म्हणजे तुझ्यासाठी?" शाल्मलीने विचारलं.

"तो योगायोग आहे."

शाल्मलीने वाफ्यातल्या वालाच्या वेलाकडे पाहिलं. कालच त्याला पहिली शेंग धरली होती.

"आजोबा, कापड नक्की खातं कोण?"

"सूक्ष्मजीव (डोळ्यांना न दिसणारे इवलेसे जीव). चिमूटभर मातीत त्यांची अख्खी गावं असतात. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज (झाडांचं अंग ताठ ठेवणारा पदार्थ). ती असते साखरेच्या कणांची लांबलचक माळ. जिवाणू आणि बुरशी तिच्यावर आपली विकरं (मोठ्या पदार्थांचे तुकडे पाडणारी रसायनं) सोडतात. माळ तुटते, साखर सुटते, मंडळी जेवतात."

"मग माझी मंडळी का नाही जेवली?"

"उपास असेल," आजोबा म्हणाले; पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

शाल्मलीने लेंगा उचलला आणि घडी घालायला कमरेशी धरला. मग तिने नेफ्यात बोट घातलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

"आजोबा, नाडी कुठाय?"

"असेल की आत."

आत फक्त दोन बारीक दोरे होते. हात लागताच त्यांचाही भुगा झाला.

"नाडी कसली होती?"

"सुती. तुझ्या आजीने स्वतः वळलेली."

"आणि लेंगा?"

"तोही सुतीच. दुकानदाराने देवाशपथ सांगितलं होतं."

"याला इस्त्री कधी केली होती?"

"वीस वर्षांत गरजच पडली नाही. सुती असून कधी चुरगळलाच..." आजोबा बोलता बोलता थांबले. गेली तीस वर्षं ते सगळ्या जगाला नमुना तपासून घ्यायला सांगत आले होते.

गास्तोंने लेंग्यावर प्रकाशाचा झोत सोडला. "पॉलिस्टर (खनिज तेलापासून बनवलेला धागा), नव्याण्णव टक्के."

"आणि उरलेला एक टक्का?"

"मळ."

"म्हणजे ही माळ निराळ्याच मण्यांची," शाल्मली सावकाश म्हणाली. "ती तोडायची विकरं माझ्या मंडळींकडे नाहीत. जे खाता येत होतं, ते त्यांनी खाल्लं."

"नियमात नाडीचा उल्लेख नाही," गास्तों म्हणाला.

"नियमात आहे काय?"

"सुती वस्तू शिल्लक राहिल्यास माती मृत."

"मग राहिलीय का शिल्लक?"

गास्तोंने चार सेकंद विचार केला. त्याच्या मानाने ती मे महिन्याची सुट्टीच होती. "वाफा क्रमांक तेवीस जिवंत आहे. विश्रांतिस्थान रद्द." त्याचे खांदे जरा खाली आल्यासारखे वाटले.

"तू वेलाच्या मांडवाखाली बसत जा," शाल्मली म्हणाली. "शेंगा मोजायला मला कुणीतरी हवंच आहे." मग ती आजोबांकडे वळली. "पॉलिस्टर तोडणारी विकरं कुणी शोधतंय का?"

"वरच्या मजल्यावर पोरं झटतायत. थोडी सापडलीत, ती झपाट्याने कामाला लावायची आहेत. पाच-सात वर्षांत तूही ये."

"मग हा त्यांना देऊ या. प्रयोगाला."

आजोबांनी लेंग्याकडे एकदा प्रेमाने पाहिलं. नाडीच गेल्यावर तो तसाही विज्ञानाच्याच कामाचा उरला होता.