पलीकडच्या काठावरचं बाकडं

भाकरीची भूक पोटाला लागते, बोलण्याची कानाला. सुचित्राच्या कानांना त्या रविवारी अशीच भूक लागली होती. सिंगापूरला क्लेमेंटी भागात घरमालकीण लिम आंटींच्या फ्लॅटमधली एक खोली, विद्यापीठातली प्रयोगशाळा आणि मधली बस, एवढ्यात तिचा आठवडा संपायचा. रविवार मात्र संपता संपायचा नाही.

म्हणून ती मर्लायनपाशी आली होती. पाणी ओकणारा तो पांढरा सिंह तिनं कितीदा तरी पाहिला होता. पण तिथं पुण्या-मुंबईच्या सहली येतात. जवळ उभं राहिलं की फुकटात मराठी ऐकायला मिळतं.

"अहो, कॅमेरा सरळ धरा, मागच्या वेळी नुसते पाय आले होते!"

"पाय तर पाय. तेवढेच बारीक दिसतात!"

सुचित्रा पाठ फिरवून हसत होती, तेवढ्यात धो धो पाऊस कोसळला. मंडळी पुलाखाली धावली, तीही धावली. एक उंच, सावळा तरुण हातातली लाल छत्री वर धरून ओरडत होता, "इकडे या! रेनकोट घ्या!" एवढा पाऊस, आणि ह्याची छत्री मिटलेली... तिला गंमत वाटली. त्यानं न बघताच तिच्या हातात एक निळा प्लॅस्टिकचा रेनकोट कोंबला.

"अहो, मी—"

"ताई, बोलणं बसमध्ये. गरम चहा आहे तिथं."

तिनं रेनकोट घातला. टोप्या पुढे ओढल्यावर सगळी माणसं एकसारखी दिसायला लागली. तो डोकी मोजत आला, तिच्या डोक्यापाशी क्षणभर बोट थांबलं आणि पुढे गेलं. "पूर्ण! चला!"

चला... कित्येक महिन्यांत तिला कुणी चला म्हटलं नव्हतं. तोंड उघडायला हवं होतं, हे तिलाही कळत होतं. पण चार माणसांत आपलंही डोकं कुणीतरी मोजलं, ह्याचंच इतकं बरं वाटलं, की जीभ उचलेना. पाय मात्र निघाले.

बस थोडी पुढे गेली आणि मागून आवाज आला, "उल्हासराव, आमची मंडळी दिसत नाही!"

"असं कसं, काका? मी स्वतः मोजलंय."

"मोजलंत खरं. पण विनीता टॉयलेटला गेली, ती अजून आलेली नाही. आणि तिच्या जागेवर ही पोरगी कोण?"

सगळ्या माना वळल्या. सुचित्रा हातातल्या चहासकट उभी राहिली.

"मी... मी इथलीच. म्हणजे पुण्याची. म्हणजे... चहाला आले होते."

बसभर हशा पिकला. उल्हासनं कपाळाला हात लावला आणि बस मागे वळवली. विनीताकाकू पुलाखाली कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"काय रे उल्हास, मला टाकून गेलास? वर बदलीही घेतलीस?"

"काकू, चुकलो, हात जोडतो. पण बदली..." त्यानं हळूच सुचित्राकडे पाहिलं, "बदली काही वाईट नाही मिळाली."

उल्हास मुंबईच्या एका सहल कंपनीचा टूर मॅनेजर. थंडीच्या दिवसांत त्याचं सिंगापूरला सारखं येणं असायचं, उन्हाळ्यात युरोप. मंडळी मुस्तफाच्या मोठ्या दुकानात खरेदीला शिरली की त्याला दुपार मोकळी मिळायची. त्या दुपारी तो सुचित्राला भेटू लागला. कधी माउंट फेबरच्या चढावर, कधी मॅकरिचीच्या झाडीत. तो भराभरा पुढे चालायचा, आणि छत्री वर.

"खाली घ्या ती. मी एकटीच आहे, हरवणार नाही."

"तुम्हाला माहीत नाही. एकटी माणसंच आधी हरवतात."

एकदा बोलता बोलता ती म्हणाली, "मी पीएचडी हायडेलबर्गला केली. जर्मनीत."

"हायडेलबर्ग? अहो, ते तर घरच्यासारखं! लाल दगडाचा किल्ला, त्यातलं ते घराएवढं दारूचं पिंप, जुन्या पुलावरचं पितळी माकड. त्याच्या बोटांना हात लावला की माणूस परत त्या गावी येतो म्हणतात. मी दर सहलीत लावतो. म्हणून तर सुटका नाही!"

"आणि पुलाच्या पलीकडे?"

"पलीकडे... डोंगर आहे बहुतेक."

"बहुतेक?"

"किल्ला झाला की गावात पाऊण तास असतो आमच्याकडे. त्यात फोटो, टॉयलेट, दुकान. पूल अर्धा झाला की मागे फिरायचं."

मग पलीकडचा काठ तिनं त्याला सांगितला. नदीच्या कडेचं लांबच लांब हिरवं कुरण, उन्हाळ्यात त्यावर लोळणारी माणसं, वल्ह्यांच्या होड्या. दोन भिंतींमधून सापासारखी वळत जाणारी चढण. वर डोंगराच्या कुशीतली वाट, तिला तत्त्वज्ञांची वाट म्हणतात. थंडी सरायच्या आत तिथं बदामाची झाडं फुलतात. आणि त्या वाटेवरचं एक बाकडं. तिथून नदी, पूल, किल्ला, सगळं गाव एका नजरेत मावतं. संध्याकाळी किल्ला निखाऱ्यासारखा दिसतो.

"दर शनिवारी मी तिथं डबा खायचे. एकटीच." ती थोडी थांबली. "उन्हाळ्यात पुलावर आपल्याकडच्या सहली दिसायच्या. रंगीत टोप्या. वाऱ्यावर एखादा शब्द वर यायचा... 'चला!' मी धावत खाली उतरायचे. पण पुलावर पोचेपर्यंत बस गेलेली असायची."

उल्हासनं छत्री खाली घेतली. पहिल्यांदाच.

एप्रिलमध्ये त्याची शेवटची सहल आली. पुढे पावसाळ्यापर्यंत युरोप. क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, दोघं चहा घेऊन बसली. वर पंखा गरगरत होता, शेजारच्या टेबलावर मुलं चमच्यांनी टेबल वाजवत होती.

"सुचित्रा... अगं म्हटलं तर चालेल?"

"चालेल की."

"मग ऐक. लग्न करशील माझ्याशी?"

'हो' अगदी घशापर्यंत आला. पण डोळ्यांपुढे ती निघून गेलेली बस उभी राहिली.

"उल्हास, तू कुठंही पाऊण तास थांबतोस. मग घड्याळ बघतोस. आत्तासुद्धा बघितलंस."

त्यानं मनगट टेबलाखाली लपवलं.

"एकटीनं बाकड्यावर बसायची मला सवय आहे रे. पण लग्न करूनही तसंच बसायचं... ते नाही जमायचं. मला पाऊण तासाचा माणूस नको."

"मग काय करू?"

"माझ्या बाकड्यावर जाऊन बस. आणि तिथून विचार."

"सीझनमध्ये? मंडळींना सोडून कसं जमेल?"

"ते तुझं तू बघ."

तो नाइलाजानं उठला. "मंडळी खोळंबली असतील गं..."

गर्दीत लाल छत्री बराच वेळ वर दिसत राहिली. ह्या वेळी सुचित्रा मागे गेली नाही.

मे महिना तसाच गेला. फोन नाही, काही नाही. आपणच दोर कापला असं तिला वाटायचं. आणि कापला ते बरं केलं, असंही. एका रविवारी ती मर्लायनपाशी जाऊन आली. मराठी भरपूर कानावर पडलं. कुठल्याशा टूर मॅनेजरनं डोकी मोजली आणि तिला वगळून बोट पुढे नेलं. बरोबरच होतं त्याचं. तरी ती परतताना एमआरटी मेट्रोत खिडकीकडे तोंड करून बसली.

"ईट ऑलरेडी?" लिम आंटींनी दारात विचारलं.

"यस, आंटी." खोटंच.

जूनमधल्या एका संध्याकाळी फोन वाजला. पलीकडे नुसता दम लागल्याचा आवाज.

"सुचित्रा... ही वाट आहे की भिंत गं?"

ती ताडकन उभी राहिली. "कुठे आहेस?"

"तुझ्या सापाच्या पाठीवर! वळतेय, वळतेय, संपतच नाही. थांब हं... काकू, सावकाश, भिंतीला धरा!"

"काकू? तुझ्याबरोबर कोण आहे?"

"सगळे! मंडळींना सोडून येता येईना, म्हणून मंडळींनाच विचारलं. दुकान की डोंगर?"

मध्येच एक खणखणीत आवाज घुसला. "मी विनीताकाकू बोलतेय! युरोपलाही ह्याच्याचबरोबर आलेय, आणि ह्या वेळी मला विसरला नाही हो! कुकू घड्याळाच्या दुकानावर पाणी सोडलंय तुझ्यापायी. उत्तर देताना माझे गुडघे लक्षात ठेव!"

मग वारा, पानांची सळसळ, आणि फार दुरून चर्चची घंटा. सुचित्रानं डोळे मिटले. ती घंटा तिच्या ओळखीची होती.

"बसलो," उल्हास हळू आवाजात म्हणाला. "बाकड्यावर. खाली पुलावर एक सहल आहे गं. पुढे एकजण झेंडा घेऊन पळतोय. इथून केवढासा दिसतो... आणि केवढ्या घाईत."

"हं."

"तू इथं बसायचीस. एकटी. आणि तो 'चला'... कुणास ठाऊक, माझाच असेल."

समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांतून बांबूंवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळच्या वाऱ्यात हलत होते.

"घड्याळ काकूंच्या पर्समध्ये टाकलंय," तो म्हणाला. "आणि मुंबईला कळवलंय. सीझन संपला की सिंगापूरचं ऑफिस मी घेतो. आता... विचारू?"

"अरे विचार की लवकर!" मागून काका ओरडले. "खाली बस थांबलीय!"

"थांबू दे बस," उल्हास म्हणाला.

सुचित्रानं हाताच्या पालथ्या मुठीनं डोळे पुसले. लिम आंटी दारात येऊन उभ्या होत्या. "हू शाउटिंग, आह?" तिनं मान हलवली. हसू आणि रडू एकदमच येत होतं.

"सुचित्रा? आहेस ना?"

"आहे. आधी डोकी मोज."

"आत्ता?"

"आत्ताच. मोठ्यानं."

तो मोजू लागला. त्या डोंगरावरून एकेक मराठी आकडा तिच्या खोलीत येत राहिला. मध्ये कुणी खोकलं, कुणी "मला दोनदा मोजलंस" म्हणून भांडलं. मग आवाज थांबला.

"पूर्ण?" तिनं विचारलं.

"नाही गं," उल्हास म्हणाला. "एक कमी आहे."

"मग माझ्याशिवाय बस सोडू नकोस."