कूपनाच्या मागची बारीक अक्षरं

"हे कूपन आज वापरू नका," तीन नंबरच्या काउंटरवरचा कॅशियर म्हणाला.

तिने मान वर केली. दुकानातलाच माणूस सूट घेऊ नका म्हणतो, म्हणजे काहीतरी गोम असणार.

"का? मुदत संपलीय?"

"मुदत आहे. पण ते मोठ्या पाकिटावरच चालतं. सूट धरूनही त्यापेक्षा दोन लहान पाकिटं स्वस्त पडतात. किलोचा भाव बघत जा… पाकिटाचा नको."

तिने परत जाऊन पाहिलं. खरं होतं. त्याचे डोळेही बरे होते, हेही तिने बघून घेतलं.

ती दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर कामाला होती. घरात आई आणि ती, बाजारहाट तिच्याकडे. कूपनं कापण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण ती वापरायची कशी हे तीन नंबरने शिकवलं. आधी सामानाची यादी, मग कूपनं. उलटं केलं की नको ते घरात येतं. कूपनं बिल सुरू होण्याआधीच हातात द्यायची. सूट पडली का, हे दारात नाही, काउंटरवरच बघायचं.

"बाकीच्यांनाही एवढं सांगता?" तिने एकदा विचारलं.

"सांगतो. ते ऐकून निघून जातात."

ती मात्र शेजारचा रिकामा काउंटर सोडून त्याच्याच रांगेत उभी राहायची. आईच्या ते लक्षात यायला वेळ लागला नाही.

"चहाची पूड आणायला एवढा वेळ?"

"रांग होती गं."

"रोज? आपल्याला एवढा चहा लागतो?"

मग एका शनिवारी तो नेहमीपेक्षा हळू बिल करत होता.

"सोमवारपासून मी मुख्य कार्यालयात," तो मशीनच्या पडद्याकडे बघत म्हणाला. "काउंटर सुटला."

"अभिनंदन," ती म्हणाली. चेहरा मात्र सांत्वनाला आल्यासारखा झाला होता. आता कुठल्या निमित्ताने भेटायचं? कार्यालयात काही साबण विकत नाहीत. "मग… मी सल्ला कुणाला विचारू?"

त्याने तिचं कूपन घेतलं, उलटं केलं आणि मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "आज एवढंच वाचा."

तिने वाचलं. 'सदर सवलत आमचे कर्मचारी व त्यांच्या घरातील व्यक्तींना लागू नाही.'

"हे मला कशाला? मी कुठे कर्मचाऱ्याच्या घरात—"

ती थांबली. तो कानापर्यंत लाल झाला होता.

"आधी तोटा सांगितलेला बरा," तो पुटपुटला. "मुख्य कार्यालयातही हाच नियम आहे. म्हणजे… तुम्ही हो म्हणालात तर कायमची सूट बंद. घाई नाही. विचार करा."

मागच्या काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "करा विचार. पण जरा बाजूला उभं राहून करा."

ती हलली नाही. "आणि माझ्या आईला?"

"त्यांचं घर वेगळं. त्यांना कूपनं चालतील."

तिने पर्समधला कूपनांचा गठ्ठा काढून रबर नीट केलं. "मग हे सगळं आईला देते."

"आणि… तुम्ही?"

"मी घेईन पूर्ण किमतीला," ती म्हणाली. "एखाद्या गोष्टीला सूट नसली तर काय होतंय?"