भिंतीपलीकडचा संकलक

टक् टक्.

टिटवी दचकली. चित्रपटाच्या संकलनासाठी भाड्याने घेतलेल्या खोलीत ती एकटीच होती आणि आवाज भिंतीतून आला होता. तिने दृश्य पुन्हा लावलं. पडद्यावर तिची आत्या शिलाई मशीनला तेल देत म्हणत होती, “मशीन रुसलं की भांडू नये. थोडं ऐकून घ्यावं. माणसांचंही तसंच असतं बघ...”

‘ऐकून घ्यावं’ संपलं, आणि पुन्हा — टक् टक्.

ती तणतणत शेजारच्या दारात गेली. “भिंतीशी काय वैर आहे हो तुमचं?”

“वैर कसलं!” गळ्यात अडकवलेला हेडफोन काढत तिथला तरुण म्हणाला. “मीही संकलकच. सकाळपासून तुमच्या आत्यांना ऐकतोय. ‘ऐकून घ्यावं’ला तोडा ना! पुढचं लोकांना आपसूक कळतं.”

“दुसऱ्यांचं ऐकायची फार हौस दिसतेय.”

“भिंत पातळ आहे... आणि आत्या गोड आहेत.”

परत येऊन तिने गुपचूप तिथेच तोडून पाहिलं. सुईत दोरा जावा तसं दृश्य बसलं. तिने नाइलाजाने भिंतीवर टकटक केली. पलीकडून हसू ऐकू आलं.

तेव्हापासून एक टकटक म्हणजे चहा आणि दोन म्हणजे ‘इथे तोडा’. टिटवी हे नाव आत्यानेच ठेवलेलं, अखंड बडबडीमुळे. पण चहावर तोही काही कमी नव्हता. जगाची वाक्यं तोडणाऱ्या या माणसाला स्वतःचं एक वाक्य धड संपवता येत नसे. मग चहा निवायचा, आणि टिटवीला त्याची घाई नसायची.

पहिलाच चित्रपट करणाऱ्यांना अनुदान देणारी एक संस्था होती. नमुना म्हणून हेच दृश्य जोडलेला टिटवीचा अर्ज शेवटच्या फेरीत पोचला. आत्याचं मशीनदुरुस्तीचं दुकान लवकरच बंद व्हायचं होतं. आत्ता पैसे मिळाले, तरच ते चालतं-बोलतं दुकान चित्रपटात येणार होतं.

सादरीकरणाच्या दिवशी ती आत शिरली, तर परीक्षकांच्या टेबलाशी — तो! कुणी आजारी पडलं म्हणून ऐनवेळी बोलावलेला. टिटवीच्या जिवात जीव आला. एक मत तर खिशात!

आणि तो उठला. अध्यक्षबाईंच्या कानाशी काहीतरी पुटपुटला आणि तिच्याकडे न बघता बाहेर निघून गेला.

तिने आत्याची गोष्ट कशीबशी सांगितली, दृश्य दाखवलं. बाहेर आली, तर तो बाकावर बसलेला.

“पळालात?”

“नियम आहे. अर्जदाराशी ज्याचा संबंध असेल, त्या परीक्षकाने बाहेर बसायचं.”

“आपला कसला संबंध? भिंतीचा?”

“अध्यक्षबाईंनीही हेच विचारलं.”

“मग?”

“म्हटलं... अजून तसा नाही. पण —”

तिला त्याचा राग यायला हवा होता. हातातलं मत गेलं होतं. पण त्याचे कान लालबुंद झाले होते, आणि तिला रागच सापडेना. ती त्याच्या शेजारी बाकावर बसली.

शेवटी दार उघडलं. “अहो, या आत,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “अनुदान तुम्हालाच. त्या बाईंचं बोलणं नेमकं जिथे तोडलंत ना, तिथे डोळ्यांत पाणी आलं माझ्या.”

सही करून बाहेर येताच तिने आत्याला फोन लावला.

“अगं बाई! थांब, शूटिंगसाठी जरा बरी साडी काढते,” आत्या म्हणाली. “आणि तो तुझा भिंतवाला कुठाय?”

टिटवीने घाईघाईने फोन बंद केला. भिंतवाला उठून उभा होता.

“तर मी म्हणत होतो,” त्याने सुरुवात केली, “म्हणजे बघा, भिंत पातळ असली तरी शेवटी भिंतच... आणि गेले कितीतरी दिवस, म्हणजे तुमची हरकत नसेल तर, मला तुमच्याशी... तुमच्याबरोबर —”

टक् टक्.

टिटवीने बाकाच्या फळीवर बोटं वाजवली होती.

“इथेच तोड,” ती म्हणाली. “पुढचं मला कळलं.”