कोंडवाड्यातले नऊ मेल

शनिवारी सकाळी नर्मदाबाई ढोबळे वसमतच्या हळद निर्यात कंपनीत पोहोचल्या, तेव्हा तिथे टायपिंग करणारी निलम राठोड फाटकाबाहेर उभी होती. तिला आत यायला मनाई होती.

नर्मदाबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन हिंगोलीत खासगी तपास करीत. सोबतीला निवृत्त हवालदार उत्तमसिंग.

व्यवस्थापक माणिकरावांनी हकिगत सांगितली. साल २००६. प्रयोगशाळेतल्या शिवकन्येला महिनाभर एका निनावी पत्त्यावरून अश्लील मेल येत होते. मंगळवारी कंपनीने मेलला चाळणी बसवली. त्यासाठी शिव्यांची यादी हवी होती. बायकांसमोर तोंडाने सांगणार कोण? प्रत्येकाने चिठ्ठी दिली आणि निलमने चाळीस शब्द टाईप केले. यातला एक जरी शब्द आढळला, तरी मेल वेगळ्या कप्प्यात अडकायचा. त्या कप्प्याला सगळे कोंडवाडा म्हणत.

"तरी काल शिवकन्येला मेल आलाच. चार घाण शब्द, चारही यादीबाहेरचे. पूर्ण यादी फक्त निलमला अन् मला ठाऊक."

"सोमवारी एक जागा कायम होणार म्हणे?"

"व्हय. निलम नाहीतर ऑपरेटर हरीश."

"कोंडवाडा कोण उघडतं?"

"पासवर्ड माझ्याकडं. बुधवारी एकदा उघडला. बाई, पूजा करून आलेल्या माणसानं ते वाचावं कसं? पुन्हा हात लावला न्हाई."

गोदामाचा प्रेमदास म्हणाला, "मला मेल उघडताबी येत न्हाई. निलम छापून देते, तवा वाचतो. आता कोण देणार?"

ऑपरेटर हरीश हसला. "मला आजवर एकही घाण मेल आला नाही. अन् अडकलेल्याचं काय, अडकला की गेला, जळाला."

फाटकाशी निलम म्हणाली, "शिव्या टाईप केल्या म्हणून आमी शिव्या देणाऱ्या झालो व्हय?"

"यादी पोरीलाच ठाऊक," उत्तमसिंग पुटपुटले. "केस बराबर दिसून राहिली."

नर्मदाबाईंनी कोंडवाडा उघडायला लावला. गुरुवारी दुपारी तीन ते चारमधले नऊ मेल. पाठवणारा तोच निनावी पत्ता. प्रत्येकात एकच शिवी, आणि सगळे हरीशला पाठवलेले.

उत्तमसिंगांचे कान लाल झाले. "त्याच्यावरबी उठली की पोरगी! एका मेलला एक शिवी, दमली असंल."

"आता हरीशला पोचलेल्या मेलची यादी काढा," नर्मदाबाई म्हणाल्या.

ती पाहून त्यांनी सगळ्यांना बोलावले. निलमलाही.

"गुरुवारच्या त्याच तासात, त्याच पत्त्यावरून, हरीशला आणखी चार मेल गेले. ते अडकले नाहीत. त्यांतले चार शब्द कालच्या मेलमध्ये आहेत."

"मलाही कोणी छळत असेल," हरीश म्हणाला.

"मग एकही आला नाही असं काहून म्हणालास? चारही उघडलेत. वेळ नोंदली आहे."

"पण मॅडम, निलमनं पाठवले असतील तर?" उत्तमसिंगांनी विचारले.

"कोणता शब्द अडकतो ते तिला माहीतच होतं. ज्याला यादी माहीत नाही, तोच एकेक शब्द पाठवून बघतो. अन् पोचला की नाही हे कळायला तो स्वतःलाच पाठवतो. शिवकन्येला छळणं हरीशचं आधीपासून चालू होतं. यादीबाहेरचे शब्द वापरले की आळ निलमवर अन् जागा आपली, हे त्याला नंतर सुचलं. अडकलेले मेल जळतात या भरवशावर तो राहिला."



"तक्रार आजच पोलिसात जाईल," माणिकराव म्हणाले. "निलम, जागा तुझीच."

शिवकन्या निलमच्या शेजारी येऊन उभी राहिली. "मलाबी तूच वाटली होतीस गं."

"वाटणारच," निलम म्हणाली. मग माणिकरावांकडे वळली. "जागेचं सोमवारी बघा, साहेब. घाण लिहिते म्हणून मला काढलं, हे तांड्यावर कळलंय. बापू कालपासून जेवले न्हाईत. त्यांना तुमीच सांगा."

माणिकरावांनी तांड्यावरच्या दुकानाचा नंबर फिरवला. दुकानदार निलमच्या बापूंना, थावराला, हाक मारायला गेला. त्यांचं घर शेवटच्या टोकाला होतं. ते येईपर्यंत माणिकराव रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले. बसा, असं त्यांना कोणी म्हटलं नाही.